अर्ध्या तासाची मुदत

देवलांचे ‘झुंझारराव’ शिकवताना मी वर्गात दरवर्षी एक प्रश्न विचारतो : “नायकाचा घात कशाने झाला?” सारा वर्ग एका सुरात उत्तरतो, “संशयाने!” पुष्कळ वर्षे मीही त्यावर मान डोलावीत असे. आता माझी मान तशी सहज हलत नाही.

देवलांनी १८९० साली शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ला हा मराठी पोशाख चढवला. मूळ कथा बहुतेकांना ठाऊक आहे. इयागो शूर सेनापतीच्या कानाशी लागतो, बायकोचा रुमाल परक्याच्या हाती दिसतो आणि निरपराध डेस्डिमोना नवऱ्याच्या हातून मरते. पण नाटक जरा सावकाश वाचावे. एकदा शंका आली की तिचा तिथल्या तिथे निकाल लावणारा आपला स्वभाव आहे, हे ऑथेल्लो स्वतःच सांगतो. शंका मनात बाळगून दोन दिवस काढणे त्याला सोसतच नाही! तो पुरावा मागतो खरा, पण कोणाकडे? ज्याने शंका पेरली त्या इयागोकडे. एमिलियाला तो विचारतो, तेव्हा आपली मालकीण निष्कलंक असल्याची ती ग्वाही देते. त्यावर हा तिलाच लबाड ठरवून मोकळा होतो. ज्याच्यावर आळ, त्या कॅसिओला विचारायची आठवण त्याला सारे संपल्यावर होते. अखेर डेस्डिमोना अवघ्या अर्ध्या तासाची मुदत मागते. तीही मिळत नाही. मनात थोडा जरी संशय उरला असता, तर त्याने ती दिली असती. पण आता त्याची खात्री झालेली असते.

याच्या उलट हॅम्लेट. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने त्याला मराठीत आणले. बापाचे भूत खुनाची कहाणी सांगते, तरी हे भूत की सैतान, अशी शंका घेऊन तो चुलत्यापुढे नाटक करवतो आणि त्याची परीक्षा पाहतो. या दिरंगाईची किंमत जबर पडते, हे नाकारता येत नाही. पण त्याच्या हातून पहिला बळी जातो तो दिरंगाईने नव्हे. पडद्याआड चाहूल लागताच, आत राजाच असणार असे धरून, तो न पाहता तलवार खुपसतो. मरतो बिचारा पोलोनियस! आणि त्या दुःखाने त्याची मुलगी ऑफिलिया वेडी होते.

मौज अशी की ‘संगीत संशयकल्लोळ’ही देवलांचेच. १९१६ सालच्या त्या प्रहसनात रुमालाऐवजी तसबीर आहे आणि संशय तर पावलोपावली. तरी आपण पोट धरधरून हसतो. का? कारण फाल्गुनराव आणि कृत्तिका आपापले संशय पोटात ठेवीत नाहीत. भांडतात, ओरडतात, एकमेकांना जाब विचारतात. शेवटी सारी माणसे समोरासमोर येतात आणि गोंधळ मिटतो. ऑथेल्लोच्या घरात मात्र खरा प्रश्न उघडपणे विचारलाच जात नाही. विचारला जातो तेव्हा शिक्षा आधीच ठरलेली असते.

हे सारे मला शेक्सपिअरने शिकवले असे म्हणालो, तर ते अर्धेच खरे ठरेल. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचा निबंध माझ्या हाती आला. भाषा इतकी प्रौढ, की हे याचे लिखाण नव्हे अशी शंका आली. शंका येण्यात काही गैर नव्हते. पण मी त्याला बोलावले नाही. लाल शाईने ‘नक्कल’ असा शेरा मारून वही परत केली. महिन्याभराने त्याचे वडील भेटायला आले. कसलाही आवाज न चढवता त्यांनी मुलाची कच्ची वही माझ्यापुढे ठेवली. तीच वाक्ये, पानोपानी खाडाखोड करीत घडवलेली!

मी शेरा खोडला, मुलाची माफीही मागितली. पण त्यानंतर वर्गात त्याने कधी हात वर केला नाही.

डेस्डिमोनाने अर्धा तास मागितला होता. त्या मुलाला पाच मिनिटे पुरली असती.