मणक्यातली ‘गॅप’, पाठीतली उसण आणि न सापडणारं कारण

दोन्ही फऱ्यांच्या मधोमध दुखतं, महिने झाले, थांबत नाही. ही तक्रार दवाखान्यात पोचेपर्यंत घरात निदान उरकलेलं असतं. कोणी म्हणतं उसण भरली, कोणी म्हणतं गॅस पाठीत गेला, उरलेले मोबाइलवर खापर फोडतात. गावाकडे अजूनही पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घेतात. साधी उसण काही दिवसांत आपसूक उतरते आणि पायाळूची कीर्ती वाढते. आपला विषय मात्र न उतरणारं दुखणं हा आहे.

‘एमआरआय काढला की कळेल’

शहरी माणसाचा हा सगळ्यात पक्का समज. पाठीच्या वरच्या भागात १२ मणके असतात आणि प्रत्येकाला बरगड्यांची जोडी जोडलेली असते. या पिंजऱ्यामुळे हा भाग मानेसारखा किंवा कमरेसारखा फारसा हलत नाही. त्यामुळे इथली मणक्यांमधली चकती (डिस्क) सरकून नस दाबली जाणं विरळाच. तरी रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ हमखास छापून येतं आणि घरावर सुतकी कळा पसरते.

१९९५ साली अमेरिकेत डॉ. कर्कहॅम वुड आणि सहकाऱ्यांनी पाठीच्या वरच्या भागाची कसलीच तक्रार नसलेल्या ९० माणसांचे एमआरआय प्रसिद्ध केले. त्यातल्या ७३ टक्के लोकांच्या पाठीत काही ना काही ‘दोष’ दिसला. ३७ टक्क्यांची चकती चक्क बाहेर आलेली होती. माणसं ठणठणीत! म्हणजे चित्रात दिसलेली गोष्ट आणि दुखण्याचं कारण एकच असेल, असं धरून चालता येत नाही. ‘मणक्यात गॅप पडली’ हेही तसंच. दोन मणक्यांमध्ये जागा असतेच, तिथे चकती बसलेली असते. वयाबरोबर चकतीतलं पाणी कमी होतं आणि ती जागा वाढण्याऐवजी उलट घटते. केस पिकावेत तितकंच हे सर्वसाधारण आहे.

एमआरआय निरुपयोगी नाही. डॉक्टरांना ठरावीक शंका असेल तेव्हा तो मोलाचा. पण आधी शंका यायला हवी, आणि ती येते रुग्णाला नीट विचारल्यावर: कधी दुखतं, कशाने वाढतं, रात्री झोपमोड होते का, वजन उतरलंय का? माझ्या मते घाईघाईच्या तपासणीत हाच भाग सगळ्यात आधी गळतो.

‘दुखतं तिथेच बिघाड’

फऱ्याजवळची दुखरी गाठ महिनोन्महिने चोळून घेणाऱ्या कित्येकांचा बिघाड मानेत असतो. राल्फ क्लाउअर्ड या शल्यचिकित्सकाने १९५९ मध्ये हे दाखवलं होतं: मानेच्या चकत्यांना सुईने डिवचलं की रुग्ण फऱ्याच्या आतल्या कडेला दुखतंय म्हणून सांगत. मान वर किंवा बाजूला वळवल्यावर पाठीतली कळ वाढत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर आधी मान तपासायला हवी.

आणखीही पाहुणी दुखणी असतात. पित्ताशयातले खडे उजव्या फऱ्याखाली दुखवतात, बहुधा तेलकट जेवणानंतर. जिना चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ हृदयाची असू शकते. बायकांमध्ये ती छातीऐवजी पाठीत किंवा जबड्यात जाणवण्याचं प्रमाण जास्त. तिला ‘गॅस’ म्हणून सोडा पिऊन झोपणं जिवावर बेतू शकतं. एकाच बाजूने पाठीकडून छातीकडे पट्ट्यासारखी आग होत असेल, तर चार दिवसांनी तिथे नागिणीचे फोड उठू शकतात. नागिणीचं औषध फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू झालेलं उत्तम. आणि तिची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, ही निव्वळ भीती आहे.

‘खोकला नाही, मग टीबी कसला?’

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे ही चूक महाग पडते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. हाडांच्या क्षयात निम्म्या वेळा लागण मणक्यांना होते आणि पाठीचे मणके त्याची आवडती जागा. लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७७९ मध्ये या रोगाचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर आजही त्याला ‘पॉट्स स्पाइन’ म्हणतात. रुग्णाला खोकला नसतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो. दुखणं मात्र हळूहळू वाढतं, रात्रीही सोडत नाही. काहींना संध्याकाळी कणकण येते, भूक जाते, कपडे सैल होतात. काहींना यातलं काहीच नसतं. हाड बरंच झिजेपर्यंत साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर विसंबून सहा महिने बाम चोळण्यात जातात, आणि मग एक दिवस पाठीत कुबड दिसतं किंवा पाय जड पडतात.

इथे एमआरआय लागतो आणि शक्य तिथे सुईने नमुना घेऊन जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हेही पाहावं लागतं. रोग लवकर सापडला तर बहुतेकांचं काम गोळ्यांवर भागतं, शस्त्रक्रिया लागत नाही. औषधं साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावी लागतात. सरकारी व्यवस्थेत ती मोफत मिळतात, शिवाय निक्षय पोषण योजनेत उपचार संपेपर्यंत दरमहा १००० रुपयांप्रमाणे मदत खात्यात जमा होते. दुखणं थांबलं म्हणून मध्येच गोळ्या सोडणं हा यातला सर्वात मोठा धोका.

‘आजी वाकणारच’

वाकणं सगळं वयाचं नसतं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात आणि पाण्याची बादली उचलतानाही मणका दबून मोडू शकतो. अनेकदा ते कळतही नाही, फक्त उंची घटते. डेक्सा तपासणीत ठिसूळपणा कळतो. कॅल्शियमच्या गोळीवर भागत नाही, हाड मजबूत करणारी वेगळी औषधं आहेत. अशा पाठीवर कोणाला पाय देऊ द्यायचा नाही, ‘कडकड’ मोडू द्यायची तर मुळीच नाही.

‘पडून राहा, बरं वाटेल’

तिशीतल्या माणसाची पाठ सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली असेल, हालचालीने मोकळी होत असेल आणि दुखणं विश्रांतीने उलट वाढत असेल, तर तो संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. त्याला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात, आणि संधिवाततज्ज्ञाकडे जावं लागतं.

या सगळ्या शक्यता बाजूला केल्या की उरते ती बहुसंख्यांची स्नायूंची आणि सांध्यांची पाठदुखी. तिलाही अंथरूण मानवत नाही. फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले खांद्याचे आणि पाठीचे व्यायाम काही आठवडे नेमाने करावे लागतात, हा खरा उपचार. ताठ बसण्याचा अट्टहास नको, दर अर्ध्या तासाने बसण्याची ढब बदला. महागड्या गादीचं फारसं मनावर घेऊ नका. मेडिकलमधून स्वतःच आणलेली वेदनाशामकं महिनोन्महिने घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात.

पाठदुखीसोबत चालताना पाय लटपटत असतील, कमरेखाली बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली असेल, तर उद्याची अपॉइंटमेंट घेऊ नका; त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा.