मैत्रीच्या खात्यातील शिल्लक

बँकेच्या सेवेत असताना कर्जाचे असंख्य अर्ज माझ्या हाताखालून गेले. त्यातून एक गोष्ट मनावर ठसली. परक्या अधिकाऱ्यापुढे माणूस आपली अडचण मांडू शकतो. जिवलग मित्राला मात्र ‘हाती पैसा उरला नाही’ एवढे सांगताना त्याची जीभ अडखळते. टेनिसपटू अल्थिया गिब्सन आणि अँजेला बक्स्टन यांची मैत्री मला म्हणूनच विलक्षण वाटते.

गिब्सन न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढलेल्या कृष्णवर्णीय खेळाडू, तर बक्स्टन इंग्लंडमधील ज्यू. एकीला वर्णामुळे, दुसरीला धर्मामुळे अनेक क्लबांची दारे बंद होती. १९५५ साली दोघींची ओळख झाली ती आपल्या भारतात, एका स्पर्धेच्या निमित्ताने. पुढच्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या. गिब्सन जिंकल्या आणि पुढे विजेत्याही ठरल्या. परंतु या सामन्याने मैत्रीत अंतर पडले नाही. त्याच स्पर्धेत आणि त्यानंतर विम्बल्डनमध्येही दुहेरीचे विजेतेपद दोघींनी मिळून पटकावले.

मनगटाच्या दुखापतीमुळे बक्स्टन यांचा खेळ लवकर थांबला. गिब्सन यांनी १९५७ व १९५८ अशी सलग दोन वर्षे विम्बल्डन आणि अमेरिकेची एकेरी स्पर्धा जिंकली. राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते चषक मिळाला, न्यूयॉर्कमध्ये भव्य मिरवणूक निघाली; मात्र त्या काळी हौशी खेळाडूंना बक्षिसाची रक्कम मिळत नसे. कीर्ती अमाप होती, पण तिने घरभाडे भागत नव्हते.

१९९५ साली बक्स्टन यांचा दूरध्वनी वाजला. पलीकडे गिब्सन होत्या. पक्षाघाताने शरीर खचले होते. भाड्याला व औषधांना पैसे नव्हते. जीवन संपवावे असा विचार मनात येतो, हे त्यांनी मैत्रिणीला सांगितले. बक्स्टन यांनी उपदेश केला नाही. त्यांनी आधी निकडीचा खर्च उचलला. मग एका टेनिस नियतकालिकात मदतीचे पत्र प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था केली आणि त्याविषयी गिब्सन यांना काहीच कळू दिले नाही. जगभरातून पैशांची पाकिटे येऊ लागली, तेव्हाच ती गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्यानंतर २००३ पर्यंत त्या जगल्या.

२०१९ साली न्यूयॉर्कच्या टेनिस संकुलात गिब्सन यांच्या शिल्पाचे अनावरण झाले. पंच्याऐंशी वर्षांच्या बक्स्टन त्या समारंभाला उपस्थित होत्या. पुढच्याच वर्षी त्यांचेही निधन झाले.

बक्स्टन यांनी केलेली मदत थोर आहेच. पण मला त्या दूरध्वनीचेही मोल तितकेच वाटते. जगज्जेत्या स्त्रीला आपला अभिमान बाजूला ठेवून बोलता यावे, असा विश्वास चाळीस वर्षांत साठला होता. वाचकहो, आपल्याही ओळखीचे कोणी अलीकडे अबोल झाले असेल, तर त्याच्या दूरध्वनीची वाट पाहू नका. आज आपणच एकदा त्याची विचारपूस करावी.