अर्जांची वही

परीक्षा पास झाली, सनद मिळाली, काळा कोट अंगावर चढला की माणूस वकील झाला, अशी माझी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत भाबडी समजूत होती. पदवी आणि काम यांच्यामध्ये अर्जांचा एक लांबलचक पट्टा असतो व तो पायीच तुडवावा लागतो, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आता मी छत्रपती संभाजीनगरला एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत कुंभार पिंपळगावला आले असता मराठीच्या सरांनी वार्षिकांकासाठी काहीतरी लिहून दे म्हटले. कविता मला जमत नाही. म्हणून गेल्या अडीच वर्षांत जे काम सर्वांत जास्त केले त्याविषयीच, म्हणजे वकिली पेढ्यांना अर्ज करण्याविषयी लिहीत आहे. आपल्या महाविद्यालयातून यंदा विधी अभ्यासक्रमाची सीईटी देणारे काही जण आहेत असे कळले. त्यांना तरी याचा उपयोग व्हावा.

वकिलीत शिरण्याचे दोन दरवाजे आहेत. पहिला आपल्या ओळखीचा आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून राहायचे, तारखा घ्यायच्या, नकला काढायच्या आणि साहेब देतील ते घ्यायचे. दुसरा दरवाजा लॉ फर्मचा, म्हणजे अनेक वकिलांनी भागीदारीत चालविलेल्या पेढीचा. मुंबईतील काही पेढ्या फार जुन्या आहेत. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची. अशा पेढ्यांत कोर्टातील युक्तिवादापेक्षा कागदांचे काम मोठे असते. करारनामे, कंपन्यांचे व्यवहार, बँकांची कर्जे, जमिनीच्या मालकीची तपासणी ही कामे तेथे चालतात. पगार ठरलेला असतो. ज्याच्या घरात वकिलीची परंपरा नाही आणि ज्याला पहिली तीन-चार वर्षे जवळजवळ फुकट काढणे परवडणार नाही, त्याला खरे म्हणजे हाच दरवाजा अधिक गरजेचा. परंतु तोच अधिक अरुंद आहे. मोठ्या पेढ्या भरतीसाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जातात. आमच्यासारख्यांच्या महाविद्यालयांत त्या येत नाहीत. शिवाय बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्तिसाव्या नियमाने वकिलांना जाहिरात करून काम मिळविण्यास मनाई आहे. त्यामुळे पेढीचे नाव चौकातल्या फलकावर झळकत नाही, आणि कोणती पेढी कसले काम करते याचा खेड्यातल्या मुलाला पत्ताच नसतो. उरतो तो अर्जाचा मार्ग.

आता वेळेचे गणित पाहू. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. साध्या हिशेबाने दरवर्षी चार आठवडे झाले. त्यांतले काही दिवस प्रत्यक्ष कोर्टात काम करणाऱ्या वकिलाकडे काढलेच पाहिजेत. म्हणजे लॉ फर्म आतून पाहण्याच्या संधी सबंध शिक्षणात दोन, फार तर तीन. पुढे नोकरी मिळते ती बहुधा जिथे इंटर्न म्हणून काम केले तिथेच, किंवा त्या कामाच्या जोरावर दुसरीकडे. एक उन्हाळा हुकला की काय हुकले, हे यावरून ध्यानात येईल.

माझा पहिला उन्हाळा हुकला. एप्रिल महिना अर्धा उलटल्यावर मला जाग आली. मग एकाच आठवड्यात चाळीस पेढ्यांना एकच मजकूर पाठवला. खाली नाव तेवढे माझे. वरचे पत्र कोणीही कोणालाही लिहावे असे होते. ‘मी मेहनती व प्रामाणिक असून मला शिकण्याची आवड आहे.’ पुढे कळले की मोठ्या पेढ्यांत मे महिन्याच्या जागा कित्येक महिने आधीच भरलेल्या असतात. मृगात पेरायचे ते दिवाळीत पेरायला निघालेली मी! तरीही एका ठिकाणाहून मेल आला. सोमवारपासून येऊ शकाल का, आज संध्याकाळपर्यंत कळवा. तेव्हा घरात धड चालणारा फोन एकच होता आणि तो भावाबरोबर परतूरला गेला होता. मी मेल वाचला तिसऱ्या दिवशी. उत्तर लिहिले, माफी मागितली. पुढे काही आले नाही. यात पेढीचा दोष मुळीच नव्हता.

त्या रात्री अण्णांनी विचारले, “आलं का गं कुठून काही?” मी नाही म्हटले. ते खोटे होते, आणि ते खोटे फार दिवस बोचत राहिले.

त्या वर्षीचे चार आठवडे मग अंबडच्या कोर्टात एका वकीलसाहेबांकडे काढले. ते नाइलाजाने झाले. पण माझ्या अर्जांना जे पुढे वळण लागले ते तेथूनच, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर सांगते. साहेबांकडे बहुतेक दावे जमिनीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक गठ्ठा टाकला. त्यात सातबारे, फेरफार, आणि १९५४ चे खासरा पत्रक. म्हणाले, “हे वाचून या जमिनीचा मालक कोण ते सांग, बाळ.” मला दोन दिवस लागले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे आपल्याकडच्या जमिनींना १९५० चा हैदराबाद कूळकायदा लागू आहे. संरक्षित कुळाची नोंद, इनाम जमिनी, वारसांचे फेरफार ही सगळी गुंतागुंत पुण्या-मुंबईच्या मुलांनी पुस्तकातही क्वचितच पाहिलेली असते. आम्ही मात्र त्याच कागदांवरून घरोघर चाललेली भांडणे ऐकत लहानाचे मोठे झालो आहोत. महिनाअखेर मला तीस वर्षांच्या नोंदी लावून मालकी हक्काचा तक्ता तयार करता येऊ लागला. मुंबईच्या पेढ्या ज्याला ‘टायटल सर्च’ म्हणतात ते हेच काम, हे साहेबांनीच सांगितले.

दुसऱ्या वर्षी अर्जातून मेहनती, प्रामाणिक वगैरे शब्द काढून टाकले. त्याऐवजी लिहिले की मी मराठवाड्यातील महसुली कागद वाचते, खासरा पत्रकापासून आजच्या सातबाऱ्यापर्यंतची साखळी लावते, आणि मराठी कागदांचा इंग्रजीत गोषवारा करते. सोबत नावे झाकून केलेला एक तक्ता जोडला. आपली बी.ए.ची मराठी येथे कामी येते, हे वर्गातल्या कित्येकांना पटत नाही. पण मराठी वाचणारा, इंग्रजी लिहिणारा आणि तलाठ्याच्या नोंदीला न घाबरणारा माणूस जमिनीचे काम करणाऱ्या पेढीला हवाच असतो.

वेळ कसा बसवला तेही सांगते. दोनशे पानी वही घेतली आणि तिला उभे रकाने आखले. पेढीचे नाव, ती कोणते काम करते, मीच का लिहिते आहे, पाठवल्याची तारीख, स्मरणपत्राची तारीख, उत्तर. यातला तिसरा रकाना महत्त्वाचा. तो एका वाक्यात भरता आला नाही तर त्या पेढीला अर्जच करायचा नाही, असा नियम केला. चाळीस नावांची एकदम बावीस झाली! एका चांगल्या अर्जाला मला तीन तास लागतात. निम्मा वेळ पेढीविषयी वाचण्यात जातो, उरलेला पत्र लिहिण्यात आणि बायोडाटा एका पानात बसविण्यात. म्हणून आठवड्याला दोनच अर्ज, शनिवारी आणि रविवारी सकाळी. इतर पाच दिवस अर्जाचा विचारसुद्धा करायचा नाही. ते दिवस अभ्यासाचे आणि कमाईचे. मी संध्याकाळी दोन तास एका टायपिंगच्या दुकानात प्रतिज्ञापत्रे टाइप करते. मेल मात्र रोज दोन वेळा पाहायचा, सकाळी आठला आणि दुपारी चारला. घरी गेले की शेतात जाताना फोन माझ्याजवळ, यावर भावाशी तह झाला आहे. सुरुवात डिसेंबरात केली, कापसाची वेचणी आटोपता आटोपता. तीन आठवड्यांनी एक स्मरणपत्र, तेही एकदाच. त्यानंतर ती ओळ मनातून पुसायची.

हे शेवटचे सांगायला सोपे आहे. नकार आला तर माणूस एकदा रडून मोकळा होतो. पण बहुतेक ठिकाणांहून काहीच येत नाही आणि ते काहीच न येणे माणसाला आतून पोखरते. रात्री अकराला फोन उघडून पाहायची सवय लागते. वर्गातल्या कोणाची निवड झाली की अभिनंदन करताना ओठ कोरडे पडतात. (या ठिकाणी शेजारच्या जांबच्या समर्थांचे वचन देण्याची वार्षिकांकातील प्रथा आहे, ती सर्वांना पाठ असल्याने मी ती मोडते.) मला उपयोग झाला तो एका क्षुल्लक युक्तीचा. वहीच्या शेवटच्या पानावर मी आलेली उत्तरे मोजत नाही, गेलेले अर्ज मोजते. उत्तर देणे माझ्या हातात नाही, पाठवणे आहे. आठवड्याचे दोन झाले की तो आठवडा माझ्यापुरता पास.

थोरांची चरित्रेही या काळात नव्याने वाचली, परीक्षेसाठी वाचली होती त्याहून निराळ्या डोळ्यांनी. गांधीजी १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत वकिली करू लागले तेव्हा गाडीभाडे वाचवायला गिरगावातून हायकोर्टापर्यंत रोज पाऊण तास चालत जात. लघुवाद न्यायालयातल्या पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. तीस रुपये फी परत करून बाहेर पडले. मग एका शाळेत पंचाहत्तर रुपयांच्या शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, तर ते पदवीधर नाहीत म्हणून तिथेही नकार! अखेर राजकोटला जाऊन लोकांचे अर्ज लिहून दिले, त्यात महिना तीनशेच्या आसपास मिळू लागले. दक्षिण आफ्रिकेचे काम आले ते त्यानंतर, १८९३ मध्ये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अडचण याहून वेगळी आणि कठोर होती. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. विद्वत्तेत त्यांच्या जवळपास फिरकेल असा माणूस बारमध्ये शोधावा लागला असता, तरी अस्पृश्यतेमुळे सॉलिसिटर त्यांच्याकडे कामे पाठवीत नसत. तेव्हा १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकविण्याची अर्धवेळ नोकरी केली. याच वर्षांत बहिष्कृत हितकारिणी सभा चालू होती आणि १९२७ चा महाडचा सत्याग्रहही झाला. दार उघडण्याची वाट पाहत ते बसून राहिले नाहीत, हे खरे. पण दार बंद ठेवणाऱ्यांचा दोष त्यामुळे कमी होत नाही, हेही आपण विसरू नये. आपल्याकडे अशा चरित्रांतून जिद्दीचा धडा तेवढा काढला जातो आणि अन्याय तसाच पानात राहतो.

मैत्रिणींसाठी आणखी एक नाव. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. भारतात स्त्रियांना वकिली करता येईल असा कायदा झाला १९२३ मध्ये. मधली एकतीस वर्षे त्या पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींची कामे करीत होत्या. तीन आठवड्यांत उत्तर आले नाही म्हणून मी कातावते तेव्हा हा आकडा आठवतो.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. सनदेसाठी भरमसाट पैसे लागतात ही भीती आता बाळगू नये. २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क सर्वसाधारण गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून अधिक घेता येणार नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिलने ज्युनिअर वकिलांना शहरात किमान वीस हजार व ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नव्हे. मुलाखतीत विचारायला मात्र हरकत नाही. आणि ज्यांना वाटते की आपण सरळ न्यायाधीशाची परीक्षा देऊ, पेढ्यांच्या दारात कशाला जायचे, त्यांनी मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्याने पुन्हा घातली. दारे सर्वांनाच ठोठवावी लागणार आहेत.

असो. दुसऱ्या वर्षीच्या बावीस अर्जांना तीन उत्तरे आली, दोन नकार आणि एक होकार. जालन्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले आणि मे महिन्याचे चार आठवडे एका मध्यम आकाराच्या पेढीत काढले. पहिले दोन आठवडे झेरॉक्सच काढल्या. तिसऱ्या आठवड्यात बीड जिल्ह्यातल्या एका जमिनीचे कागद आले, त्यात खासरा पत्रक होते, आणि तेव्हा कोणाला तरी माझा अर्ज आठवला. आता नोकरीसाठी वहीत नव्याने ओळी पडत आहेत. हे लिहीत असताना सत्तावीस झाल्या. त्याच पेढीला पाठवलेल्या एकोणिसाव्या अर्जासमोर ‘विचाराधीन’ असे पेन्सिलीने लिहिले आहे. परवा शनिवार. दोन नावे काढून ठेवली आहेत, एक पुण्याचे, एक नागपूरचे. नागपूरच्या नावापुढचा तिसरा रकाना मात्र अजून भरता आलेला नाही.