माईकसमोर तोंडचे पाणी पळते तेव्हा



गेल्या वर्षी आईच्या आझकाराला घरची, नात्यातली आणि शेजारची मिळून साठ-सत्तर माणसे जमली होती. हाश्काबा झाली. जेवणाआधी धाकट्या भावाने माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ताई, तू थोरली. आईबद्दल दोन शब्द बोल." मी बत्तीस वर्षे नर्स म्हणून नोकरी केली आहे. रात्री-अपरात्री रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना माझा आवाज कधी कापला नव्हता. त्या दिवशी मात्र गुडघे लटपटू लागले, घशाला कोरड पडली आणि "तुम्ही आलात, तोडा राबा" एवढे बोलून मी खाली बसले.

रात्री नातवाने विचारले, "सावता, तुझी आई कारखान्यात काय काम करायची?" मला चटका बसला. तेच तर मी सांगणार होते. कोकणातून आलेली, हिब्रूचे अक्षर न येणारी बाई दिमोनाच्या कापडाच्या कारखान्यात कशी उभी राहिली, हे आठवडाभर मनात जुळवून ठेवले होते. भीतीने ते गिळून टाकले.

आपल्या मंडळींत माझ्यासारखे पुष्कळ आहेत. बार मित्सवा, लग्न, सत्कार, मराठी मेळावा, कुठेही "चार शब्द बोला" म्हटले की मागच्या रांगेत सरकतात. म्हणून या भीतीविषयी मी जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि स्वतः करून पाहिले, ते इथे मांडते.

शरीरात काय होते?

पुष्कळ डोळे एकदम आपल्याकडे वळले की मेंदू त्याला धोका समजतो. मूत्रपिंडांवर असलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन रक्तात सोडतात. पळायचे किंवा लढायचे असेल तर शरीर तयार असावे, यासाठी ही सोय आहे. हृदय जोरात धडधडते. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, म्हणून बोटे गार पडतात आणि थरथरतात. पचन मंदावते, म्हणून पोटात गोळा येतो. लाळ कमी होते. आपण "तोंडचे पाणी पळाले" म्हणतो ते अगदी शब्दशः खरे आहे. श्वास वरच्या वर चालतो, त्यामुळे आवाज बारीक आणि कापरा निघतो.

म्हणजे ही लक्षणे दुबळेपणाची नव्हेत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भीती सर्वांत जास्त असते ती उठण्याच्या क्षणी आणि पहिल्या मिनिटाला. तेवढे निभावले की बहुतेकांची धडधड आपोआप उतरू लागते. मी नेमकी त्या पहिल्या मिनिटातच खाली बसले.

लोकांना किती दिसते?

आपल्याला वाटते, आपली धडधड साऱ्या हॉलला ऐकू जाते आहे. तसे नसते. साविट्स्की आणि गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावर संशोधन प्रसिद्ध केले. बोलणाऱ्याला स्वतःची घाबरगुंडी जितकी उघड वाटते, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. ज्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. म्हणून सुरुवातीलाच "मी फार घाबरले आहे, माफ करा" असे म्हणू नये. जे कुणाला दिसलेले नसते, ते आपणच दाखवून देतो.

मोशे राबेनूंपासून गांधीजींपर्यंत

झुडपातून हाक आली तेव्हा मोशे राबेनूंनी हेच कारण पुढे केले होते, की मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. त्यांना कामातून सूट मिळाली नाही. सोबतीला भाऊ अहरोन मिळाला. तरुण बॅरिस्टर गांधी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि डोके गरगरून खाली बसले. फी परत केली, खटला दुसऱ्या वकिलाकडे गेला. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितले आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी मुंबईत मराठी कीर्तने केली, त्यांतही सोय असे. कीर्तनकार एकटा नसे. साथीदार धृपद उचलून धरीत, तेवढ्यात त्याला श्वास घेता येई आणि पुढचे आठवे. आपणही तशी सोय करावी.

आधीची तयारी

सगळे भाषण पाठ करू नये. एक शब्द निसटला की पुढचे सारे कोसळते. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य मात्र पक्के पाठ करावे. मधले तीन-चार मुद्दे जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. पातळ कागद हातात फडफडतो, जाड कार्ड तितके हलत नाही. हिब्रू शब्द देवनागरीत लिहून ठेवायला काही हरकत नाही.

मनातल्या मनात वाचणे ही तयारी नव्हे. उभे राहून, मोठ्याने, तीन-चार वेळा बोलावे. त्यातले एकदा तरी घरच्या कुणासमोर. दोन मिनिटे पुरेत. सावकाश बोलले तर तेवढ्यात साधारण दोनशे शब्द होतात.

त्या दिवशी

थोडे खाऊन जावे. मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच. कॉफी बेताची प्यावी, तिने धडधड वाढते. लवकर जाऊन माईकजवळ एकदा उभे राहून पाहावे. पाण्याचा पेला जवळ ठेवावा.

नाव पुकारण्याआधी चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा ते आठ आकडे मोजत सोडावा. असे पाच-सहा वेळा करावे. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून सोडणे लांबवायचे. "शांत हो, शांत हो" असे स्वतःला बजावून फारसे साधत नाही. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत "मला उत्साह वाटतो आहे" असे म्हणून उभे राहिलेल्यांचे भाषण अधिक चांगले झाले. धडधड तीच राहते, तिला नाव दुसरे द्यायचे.

बोलताना दोन-तीन ओळखीचे, प्रेमळ चेहरे हेरून त्यांच्याशी बोलावे. अडखळलात तर थांबा, पाणी प्या, कार्ड पाहा. तीन सेकंदांची शांतता आपल्यालाच लांब वाटते.

हिब्रूची भीती

आपली खरी अडचण पुष्कळदा हीच असते. मराठीत बोलावे तर नातवंडांना कळत नाही, हिब्रूत बोलावे तर चुका होतात. माझा उपाय अहरोनचाच आहे. नातवंडाला शेजारी उभे करा. तुम्ही मराठीत दोन वाक्ये बोला, त्याने ती हिब्रूत सांगावी. तेवढ्यात तुम्हाला श्वास मिळतो, आणि तुमची गोष्ट त्याच्या तोंडी बसते.

१९६४ साली आपल्या समाजाने समान हक्कांसाठी यरुशलायीममध्ये धरणे धरले, आणि त्याच ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले. त्यातल्या अनेकांना या देशात येऊन पंधरा वर्षेही झाली नव्हती. शुद्ध हिब्रू येईपर्यंत थांबू, असे ते म्हणाले असते तर?

डॉक्टरांकडे कधी जावे?

या भीतीपायी कुणी लग्नकार्यालाही जायचे टाळत असेल, तर कुपत होलीममधल्या आपल्या डॉक्टरांना सांगावे. बोलण्याच्या उपचारांनी यात चांगला गुण येतो. काहींना प्रोप्रानोलोलसारखी गोळी देतात, पण दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते. शेजाऱ्याची गोळी कधीही घेऊ नये. छातीत दुखून कळ हातात जात असेल तर ती भीती समजून बसू नये, मागेन दाविद आदोमला १०१ वर फोन करावा.

या वर्षीच्या आझकाराला मी कार्ड घेऊन उभी राहिले, नातू शेजारी होता. हात थरथरत होते. आईच्या कारखान्याची, पहिल्या पगाराची गोष्ट सांगितली. दोनदा अडले, दोनदा पाणी प्यायले. नंतर नातवाला विचारले, "माझे हात कापत होते ना?" तो म्हणाला, "कधी?"