फ्लेक्सवरची सावली

डिजिटल चित्रकलेवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंऐवजी मी सांगली-साताऱ्याच्या फ्लेक्सच्या दुकानांत गेलो. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागेच्या चौकात टांगलेलं चित्र जितके डोळे बघतात, तितके प्रदर्शनातल्या चित्राच्या नशिबी येत नाहीत. त्याला कला म्हणायला मात्र कोणी तयार नसतं.

हे फलक ज्यात घडतात त्या फोटोशॉपमध्ये लेयर, म्हणजे थर, आले 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत. पण थरावर थर चढवून चित्र उभं करणं त्याहून कितीतरी जुनं. रविवर्म्याने 1894 साली काढलेल्या छापखान्यातले देव एकेका रंगाचा वेगळा दगड छापूनच घरोघर पोचले. सातारा जिल्ह्यातल्या औंधला श्री भवानी संग्रहालयात त्याची मूळ तैलचित्रं आहेत. चित्रकार राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हे संग्रहालय 1938 साली उभारलं. तिथलं हेन्री मूरचं शिल्प बघायला लोक आवर्जून थांबतात. मी म्हणेन, तैलचित्रांतला उजेड कुठून येतो तेही बघा. गालावरची, दागिन्याखालची, पदराच्या चुणीतली सावली एकाच दिशेला पडते.

फ्लेक्सवाल्याचं सगळं दुखणं याच दिशेत आहे.

सांगलीच्या एका दुकानात वाढदिवसाचा फलक तयार होत होता. वर साहेब, मध्ये ‘भावी सरपंच’, खाली शुभेच्छुकांची रांग. साहेबांचा फोटो स्टुडिओतला, उजेड डावीकडून. भावी सरपंचांची सेल्फी भर दुपारची, डोळ्यांखाली काळी खोबणी. शुभेच्छुक व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, म्हणजे आधीच निम्मे पुसट. एवढे सूर्य एका आकाशात मावत नाहीत. फोटो उलटा फिरवला की उजेड जुळतो, पण सदऱ्याचा खिसा उजवीकडे जातो आणि छातीवरच्या बिल्ल्याची अक्षरं उलटी होतात. गावात हे लगेच ओळखतात.

म्हणून तिथला डिझायनर फोटोला हातच लावत नव्हता. फोटोवर त्याने मधल्या करड्या रंगाचा एक थर टाकला आणि तो ‘ओव्हरले’वर ठेवला. या अवस्थेत तो करडा दिसेनासा होतो. मग अगदी मंद, मऊ कडांच्या ब्रशने काळा फिरवला की तेवढी जागा दबते, पांढरा फिरवला की उठते. नाकाची एक बाजू, हनुवटीखालची खाच, कपाळाचा उंचवटा. हळूहळू उजेड डावीकडे सरकला. चुकलं तर थर काढून टाकायचा, खालचा चेहरा जसाच्या तसा.

पडलेल्या सावलीसाठी ‘मल्टिप्लाय’. यातला हिशेब मला फार आवडला. संगणक प्रत्येक छटेला 0 ते 255 मधला आकडा देतो. वरच्या-खालच्या छटांचा गुणाकार करून 255 ने भागायचं. 128 वर 128 ठेवला तर उरतात सुमारे 64, म्हणजे रंग गडदच होणार. वर पांढरा असेल तर मात्र खालची छटा तशीच राहते. अशा गुणाकारामुळे सावलीतून खालच्या फरशीची नक्षी दिसत राहते. निव्वळ काळा रंग फासला असता तर तिथे भोक पडल्यासारखं वाटलं असतं. पायाशी गडद, लांब जाताना विरळ अशी सावली पडली आणि मघापर्यंत तरंगणारे भावी सरपंच जमिनीवर आले.

अक्षरांची परीक्षा वेगळी. सगळा फलक क्षणभर कृष्णधवल करून बघायचा. हिरव्यावरचं लाल पडद्यावर झगमगतं, पण करड्यात दोन्ही सारखेच ठरले तर धावत्या एसटीतून नाव वाचता येणार नाही. मग अक्षराला पांढरी कड, तिच्याबाहेर काळी. भडक दिसते खरी, पण ती उगाच दिलेली नसते. शिवाय पडदा उजेडाने रंगतो आणि यंत्र शाईने. पडद्यावरचा लखलखीत निळा कापडावर उतरताना बराचसा विझतो.

एवढं करून गिऱ्हाईक ‘जरा गोरा करा’ म्हणालं की सगळी मेहनत धुतली जाते. माझा राग इथेच आहे. चेहऱ्याची घडण सावलीत असते, आणि तीच आधी पुसायला सांगतात.

धंद्यावरचं सावट याहून मोठं आहे. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका नेली ती साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनने, 2011 साली. 31 जानेवारी 2017 च्या निकालात न्यायालयाने पालिकांना असे फलक काढायला लावणारे सविस्तर आदेश दिले. ते योग्यच होते. चौक अडवणाऱ्या, कुजता कुजत नसलेल्या प्लास्टिकची बाजू कोण घेणार? पण परवानगी न घेणारा कार्यकर्ता नामानिराळा राहतो आणि बिल थकतं दुकानदाराचं.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. सांगाल तो उजेड क्षणात पाडून देते. देवनागरी जोडाक्षरांत कधीकधी अडखळते आणि ओळखीच्या माणसाला परका चेहरा चिकटवते, पण घाईच्या गिऱ्हाइकाला तेही चालतं. हाताने सावली भरणाऱ्याला तासांचे पैसे कधी मिळालेच नव्हते. दर छपाईचा, चौरस फुटावर. डिझाइन बहुतेकदा त्यातच फुकट.

तेव्हा पुढचा फलक कराल तेव्हा आधी पालिकेची परवानगी काढा, फोटो कॅमेऱ्यातला मूळ द्या आणि डिझाइनचे पैसे वेगळे मोजा. आणि चेहऱ्याचा रंग आहे तसा राहू द्या.