दूरध्वनीवर ठेवलेला निरोप

शेतीत सल्ला नुसता योग्य असून भागत नाही. तो वेळेवर पोचावा लागतो. हुमणीचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस बागायतदारांच्या चांगल्या परिचयाचे आहे. वळवाचा चांगला पाऊस पडून गेला म्हणजे हुमणीचे भुंगेरे दिवेलागणीनंतर जमिनीतून बाहेर पडतात व कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. त्यानंतर माद्या जमिनीत अंडी घालतात. या थोड्या दिवसांत गावाने मिळून फांद्या हलविल्या, पडलेले भुंगेरे गोळा केले आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारले, तर किडीचा बंदोबस्त मुळातच होतो. हाच सल्ला महिन्याने कानी पडला तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. कारण तोपर्यंत अंडी घालून झालेली असतात आणि पुढे अळ्या उसाची मुळे कुरतडू लागतात.

म्हणूनच दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित करून ठेवलेला निरोप ही बाब वरकरणी कचेरीतील वाटली, तरी तिचा पिकाशी निकटचा संबंध आहे.

सोय कोणती आहे

डेन्मार्कमधील अभियंते व्हाल्डेमार पोल्सेन यांनी १८९८ साली पोलादी तारेवर आवाज साठविणारे यंत्र तयार केले. समोर माणूस नसतानाही दूरध्वनीवरील निरोप नोंदला जावा, हा त्याचा एक उपयोग होता. हीच सोय आज शेतकऱ्याच्या हाताशी आली आहे. केंद्र सरकारच्या कृषी खात्याने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करण्यास पैसे पडत नाहीत. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत कृषी पदवीधर शेतकऱ्याच्या भाषेत उत्तर देतात. त्यांच्याकडून उत्तर होण्यासारखे नसल्यास कृषी खात्यातील, कृषी विद्यापीठातील किंवा संशोधन संस्थेतील तज्ज्ञास त्याच फोनवर जोडून घेण्याची व्यवस्था आहे. सर्व तारा गुंतलेल्या असल्या किंवा केंद्राची वेळ संपलेली असली, तर प्रश्न ध्वनिमुद्रित करून ठेवावा व केंद्राने मागाहून फोन करावा, अशीही योजना त्यात आहे.

कोल्हापुरात १९६३ साली कृषी महाविद्यालय सुरू झाले. ते, तसेच शहरातील ऊस व गूळ संशोधन केंद्र व शेंडा पार्कातील संशोधन केंद्र ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत. अशा ठिकाणचे तज्ज्ञ पुष्कळ वेळ प्रक्षेत्रावर असतात. त्यांच्या मेजावरील फोन वाजून थांबला, तरी निरोपाची सोय असल्यास शेतकऱ्याचा प्रश्न वाया जात नाही.

निरोप ठेवताना

“माझा ऊस पिवळा पडला आहे, काय करावे?” एवढ्याच निरोपास कोणीही खात्रीचे उत्तर देऊ शकत नाही. पाणी साचल्याने ऊस पिवळा पडतो. नत्र कमी पडल्यास आधी जुनी पाने पिवळी होतात. चुनखडीच्या जमिनीत लोहाची उणीव झाल्यास कोवळी पाने पांढरट पिवळी दिसतात. हुमणीने मुळे खाल्ली असल्यास बेट सुकते आणि ओढताच हाती येते. गवताळ वाढीच्या रोगात बारीक, पांढरट फुटव्यांचा झुपका होतो. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

यास्तव निरोपात पुढील गोष्टी क्रमाने सांगाव्यात: नाव, गाव व तालुका, परत फोन करावयाचा क्रमांक, तोही सावकाश व दोन वेळा, पीक, जात आणि लागणीची तारीख, ऊस लागणीचा की खोडव्याचा, जमीन कशी आहे, लक्षण जुन्या पानांवर आहे की नव्या, किती क्षेत्रात आहे व केव्हापासून, आजवर कोणते खत व औषध दिले. पुरात बुडालेल्या उसाविषयी विचारताना पाणी किती दिवस होते आणि शेंडा पाण्याखाली होता की वर, हे अवश्य सांगावे. बोलण्यापूर्वी या बाबी कागदावर उतरून घेतल्यास निरोप एका मिनिटात पुरा होतो. दुसऱ्याच्या फोनवरून बोलत असल्यास तसे सांगावे.

निरोप ऐकताना

ज्या कचेरीत निरोप साठतात, तेथे ते ऐकण्याची वेळ ठरलेली असावी. सकाळी कामास आरंभ करताना एकदा व सायंकाळी निघण्यापूर्वी एकदा, असा नेम ठेवणे इष्ट होय. प्रत्येक निरोपाची तारीख, वेळ, नाव, गाव व प्रश्न वहीत उतरावा, आणि नोंद झाल्याखेरीज निरोप पुसू नये. पेटी भरली म्हणजे नवा निरोप घेतला जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. उत्तर दिल्यावर त्याच ओळीपुढे तशी खूण करावी. खूण नसलेली ओळ म्हणजे वाट पाहत असलेला शेतकरी होय.

शेतकऱ्यानेही उत्तर ऐकताना जवळ कागद ठेवावा. औषधाचे प्रमाण दहा लिटर पाण्यास सांगितले की एकरास, हे परत विचारून घ्यावे. या एका चुकीने पीक करपते किंवा खर्च वाया जातो. बँकेचा गुप्त क्रमांक शेतीच्या सल्ल्यासाठी कधीच लागत नाही. तो मागणारा फोन खोटा समजून बंद करावा.

निरोप पुढे देताना

आता गावोगाव भ्रमणध्वनीवर बोलके निरोप फिरतात. दवंडी एकदा होऊन विरते. मुद्रित निरोप पुनःपुन्हा ऐकता येतो. हा त्याचा गुण आहे आणि दोषही. तारीख नसलेला निरोप पुढल्या वर्षीही नव्यासारखा ऐकू येतो. पंचगंगेच्या काठी हे विशेष जपले पाहिजे. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. अशा वेळी मोटारी काढण्याचा व जनावरे हलविण्याचा निर्णय कित्येकदा एका निरोपावर होतो. त्या निरोपाच्या आरंभीच तारीख, वेळ, ठिकाण व सांगणाऱ्या कचेरीचे नाव असावे. ते नसेल तर खात्री केल्यावाचून तो पुढे पाठवू नये.

गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड या डोंगराळ तालुक्यांतील काही वाड्यांवर फोन नेहमी लागतोच असे नाही. काहींस यंत्रातील सूचना ऐकून बटणे दाबणे जमत नाही. तेथे गावपातळीवरील कार्यकर्त्याने निरोप ऐकून तो चावडीवर, दूधसंस्थेत किंवा सेवा सोसायटीत तोंडी सांगावा, फळ्यावर लिहावा, आणि शेतकऱ्यांचे प्रश्न त्यांच्या वतीने नोंदवावेत. यंत्र आवाज जपून ठेवते. तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या कानी वेळेत घालणे हे मात्र माणसाचेच काम आहे.