परवाना साहेबाच्या कपाटात नसतो

सिडनीच्या पश्चिमेस टूनगॅबी हे उपनगर आहे. सन १७९१ मध्ये गव्हर्नर फिलिपने येथे बंदिवानांकडून सरकारी शेती सुरू केली. आज शेजारच्या गिरावीन व सेव्हन हिल्स भागांत कारखाने आहेत, आणि टूनगॅबीचा ओढा पुढे पॅरामॅटा नदीला मिळतो. म्हणून कारखान्यातून काय बाहेर पडते हा काठच्या घरांचाही प्रश्न आहे.

मोठ्या कारखान्याला तेथे पर्यावरण परवाना लागतो. त्याचा कायदा १९९७ चा. कोणते पाणी सोडायचे, धूर किती, सारे परवान्यात लिहिलेले असते. सरकारी नोंदवहीत गावाचे नाव शोधून तो कोणालाही वाचता येतो. शिवाय कोणती अट मोडली, हे कारखान्याने दरवर्षी स्वतःच लिहून द्यायचे. आपली चूक आपण होऊन लिहून आणणारा विद्यार्थी आम्ही तरी क्वचितच पाहिला!

पण नुसता कागद पुरत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये न्यूकॅसल येथील ऑरिकाच्या कारखान्यातून उडालेले विषारी क्रोमियम स्टॉकटनच्या घरांवर पडले. पर्यावरण खात्याला ते सुमारे १६ तासांनी कळले, रहिवाशांना त्याहून उशिरा. लोक संतापले. मग कायदा बदलला: अपघात होताच कळवायचे, आणि त्या वेळी काय करायचे याची योजना आधीच तयार ठेवायची.

आपल्या मॉरिशसमध्येही १९९१ च्या कायद्याने मोठ्या प्रकल्पांना परवान्याची अट घातली. प्रकल्पाचा अहवाल लोकांना पाहण्यासाठी ठेवतात. तो जाडजूड असतो खरा. बैठकेत दोघातिघांनी मिळून वाचावा, आणि हरकत असल्यास मुदतीत लिहून द्यावी.